रविवारचा दोर

शनिवारी दुपारी हन्ना नांदेडहून आली तेव्हा बापू ओसरीवर पाय पसरून बसले होते आणि सिंधु त्यांच्या पायाची नखं कापत होती.

"हालू नका म्हणलं ना," ती दटावत होती. "अंगठा गेला तर उद्या पुलपिटावर एका पायानं उभं राहून प्रवचन करावं लागंल."

"एका पायावरबी तासभर बोलतो की मी."

"बोलताल हो. ऐकणार कोण? निम्मी मंडळी पहिल्या प्रार्थनेला डोळे मिटती, ते थेट आशीर्वादालाच उघडती."

बापू इतके हसले की पाय खरंच हलला आणि सिंधुनं त्यांच्या पोटरीवर चापट मारली. मग त्यांना हन्ना दिसली. "आली बघा आमची लायब्ररी," ते म्हणाले. "अगं, घामानं भिजलीस की. फाट्यावरनं चालत आलीस?"

हन्ना नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. महिन्यातून एकदा देगलूरवरून उदगीरकडे जाणारी बस धरायची, बोरतळच्या फाट्यावर उतरायची आणि तिथून चालत गावात यायची. बापू, म्हणजे शिमोन रणदिवे, तिचे वडील, बोरतळच्या चर्चचे पाळक. हन्ना लहान असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून घरात हे दोघंच, आणि गेली दहा वर्षं सिंधु. सिंधु सख्खी नव्हती. चर्चच्या मागच्या वस्तीतली, बिन आईची पोर. दिवसभर पाळकांच्या घरी असायची आणि रात्री आजीकडे निजायला जायची. आता ती अठराची झाली होती.

आदल्या वर्षीच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला आणि बोरतळ उस्मानाबादेतून लातुरात गेलं. पाऊस मात्र पडला नव्हता. मे महिना लागला तशा गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला. एक चर्चच्या आवारातली विहीर तेवढी टिकून होती. सकाळ-संध्याकाळ तिथं घागरींची रांग लागे. एके काळी पाळकांच्या घरच्यांची सावली ज्यांना चालत नव्हती त्यांच्या सुनाही त्या रांगेत उभ्या राहत आणि बापू ओसरीवरून प्रत्येकीला नावानं हाक मारत.

संध्याकाळी मंडळीचे पंच ज्ञानोबा आले. नव्या टँकरची हकीकत त्यांच्या पोटात मावत नव्हती. "टँकरवर 'लातूर' रंगवलंय हो, पाळकबाबा, पण खालून 'उस्मानाबाद' तसंच दिसून राहिलंय. अर्ज आधी लांब जाऊन हरवायचे, आता जवळच हरवत्यात. एवढी सोय झाली बघा."

"टँकर आला का पण?"

"फाट्यापर्यंत आला. तिथं सरपंचाच्या भावाच्या लिंबुणीला थांबला."

बापूंनी मान हलवली. मग उठून विहिरीवर गेले आणि घरच्या दोन घागरी शेंदून आणल्या. सत्तरीतला माणूस कमरेवर घागर घेऊन येताना पाहून रांगेतल्या बायका दरवेळी हसत, "पाळकबाबा, पोरगी कशाला पोसली मग?" म्हणून डिवचत. बापू हसण्यावारी नेत. सिंधु विहिरीच्या कठड्याजवळ कधी जात नसे. शेवग्याच्या झाडाशी थांबायची आणि तिथून घागर हातात घ्यायची. का ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या आईनं, साखराबाईनं, त्याच विहिरीत जीव दिला होता.

जेवण झाल्यावर बापूंनी हन्नाला विचारलं, "तू एवढं वाचतीस. मला सांग, अब्राहाम दहावरच का थांबला?"

तिला संदर्भ लगेच कळला. बापूंचं ते आवडतं प्रवचन होतं. देव सदोम शहराचा न्याय करायला निघालाय आणि अब्राहाम वाटेत उभा राहून घासाघीस करतोय. पन्नास नीतिमान निघाले तर शहर वाचवशील? पंचेचाळीस? तीस? वीस? दहा? सगळ्या जगाचा न्याय करणाऱ्यानंच अन्याय करायचा का, असं देवाच्या तोंडावर विचारण्याची त्याची हिंमत. आणि मग दहावर येऊन गप्प.

"दहा म्हणजे लहानात लहान समाज, असं म्हणतात," हन्ना म्हणाली. "त्याहून खाली गेलं की ते शहर राहत नाही, घर होतं."

"हे पुस्तकातलं झालं."

"मग तुम्ही सांगा."

बापूंनी कंदिलाची वात खाली केली. मग म्हणाले, "भ्याला असंल तो. एकावर आला असता तर स्वतःला मोजावं लागलं असतं." आणि लगेच, जणू काही म्हटलंच नाही अशा स्वरात, "सिंधु, उद्याचं धोतर वाळलं का गं?"

त्या दिवसाची एवढीच हकीकत. पुढं हन्नानं तो पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला, पण त्यात शेवटाची कसलीही खूण तिला सापडली नाही. नखं कापली होती, धोतर वाळलं होतं.

रविवारी उजाडता उजाडता बापू नेहमीप्रमाणे चर्चमध्ये प्रार्थनेला गेले. चहा निवला तरी परतले नाहीत म्हणून हन्ना बोलवायला गेली. ते पुलपिटाजवळच्या खिडकीखाली, भिंतीला कपाळ टेकून बसले होते. एक हात खिडकीच्या गजावर होता. तिनं हाक मारली, खांद्याला हात लावला आणि तिला कळलं. थोड्याच वेळात धुतलेले पांढरे कपडे घालून माणसं उपासनेला येऊ लागली. त्याच कपड्यांत त्यांना मातीला जावं लागलं.

ओढ्यापलीकडची जमीन इतकी वाळली होती की कुदळ ठणठण वाजत होती. कबर खणायला दुपार झाली. ज्ञानोबांनी गीत धरलं, सगळ्यांनी ओंजळीनं माती टाकली. सिंधु मोठ्यानं रडली. हन्नाला रडू आलं नाही. ती गजावरच्या त्या हाताचा विचार करत होती.

कारण ती खिडकी कोणती, हे तिला ठाऊक होतं.

बाहत्तरचा दुष्काळ लांबून त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत आला होता. हन्ना तेव्हा सोळा वर्षांची होती. बापूंचा तेव्हा एक कडक नियम होता. शनिवारी दिवे लागले की ते विहिरीच्या रहाटावरून दोर आणि पोहरा उतरवायचे, चर्चच्या मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावायचे आणि सोमवारी पहाटे परत चढवायचे. प्रभूच्या दिवशी पाणी शेंदायचं नाही. ज्याला लागंल त्यानं शनिवारी भरून ठेवावं. मंडळीतल्या घरांना याची सवय होती. इतर लोक कुरकुरत, पण विहीर चर्चची, सहा दिवस सगळ्यांना मोकळी, म्हणून सातव्या दिवशी कोणी तोंड उघडत नसे.

साखराबाई मंडळीतली नव्हती. नवरा निजामाबादकडे कामाला म्हणून गेला तो गेलाच. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या शनिवारी ती परतली तेव्हा अंधार पडला होता आणि दोर उतरलेला होता. घरात सासू पारूबाई आणि गोवरानं फणफणलेली आठ वर्षांची सिंधु.

रविवारी उपासना भरात होती. बापू त्या काळी संदेष्ट्यांवर बोलत. देवानं एका शेतावर पाऊस पाडला आणि दुसरं कोरडं ठेवलं, माणसं घोटभर पाण्यासाठी गावोगाव धडपडली तरी त्यांची मनं वळली नाहीत. दुष्काळ म्हणजे न्याय आहे, ते सांगत होते. ज्यांनी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या विहिरीला शिवू दिलं नाही त्यांच्या विहिरी आज बघा. त्यांचा आवाज चढला होता, बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. हन्ना पेटी वाजवायची, म्हणून पुलपिटाला लागून, खिडकीपाशी बसली होती.

तेव्हा खिडकीबाहेरून आवाज आला. "पाळकबाबा. पोर तापलीय हो. दोर द्या. एकच घागर शेंदते."

आवाज मोठा नव्हता. उपासना चाललीय याची लाज त्यात होती. मागं कोणाला ऐकू गेला नसेल. हन्नानं मान वळवली. गजांपलीकडे साखराबाईचं अर्धं तोंड दिसलं. मग तिनं बापूंकडं पाहिलं. बापूंची नजर खिडकीकडं गेली, तिथं ठरली आणि परत मंडळीकडं आली. पाळकांच्या लांब कोटाच्या खिशात किल्ली होती. त्यांनी आवाज आणखी चढवला.

बाहेरून पुन्हा हाक आली. मग पुन्हा. मग आली नाही.

आशीर्वाद झाल्यावर माणसं बाहेर पडली तेव्हा कठड्यावर घागर नीट ठेवलेली होती. विहिरीत उतरायला आतल्या बाजूनं दगडी पायऱ्या होत्या, अर्ध्या निखळलेल्या. त्यांवरून ती लहान भांडं घेऊन उतरली असणार. तिला वर काढलं तेव्हा तिच्या लुगड्याचा कासोटा घट्ट खोचलेला होता.

दुपारी पोलीस पाटील आणि एक जमादार आले. जमादारानं विचारलं, कोणी काही पाहिलं का, ऐकलं का. बापू म्हणाले, "उपासना चालू होती. आम्हाला काही ऐकू आलं नाही." सगळ्या मंडळीसमोर म्हणाले. हन्ना त्यांच्या शेजारी उभी होती. त्या 'आम्हाला'त तीही होती.

जमादारानं ठरवून टाकलं, नवरा टाकून गेलेली, दुष्काळाला कंटाळलेली बाई, जीव दिला. पारूबाई एकटी ओरडत राहिली, "जीव द्यायला कोणी कासोटा खोचून उतरतं व्हय रं?" तिला बायकांनी धरून घरी नेलं.

त्या रात्री बापू जेवले नाहीत. ते काही बोलतील म्हणून हन्ना ताटापुढं बसून राहिली. "आशीर्वाद झाला की देऊ म्हटलं होतं मी," असं काहीतरी. ते वाक्य तिनं पुढं कितीदा त्यांच्या वतीनं मनात म्हटलं, पण त्यांच्या तोंडून ते कधीच आलं नाही. पुढच्या शनिवारी दिवेलागणीला ते विहिरीवर गेले, दोराला हात लावला आणि तसेच परत आले. त्यानंतर दोर कधी उतरला नाही. ज्ञानोबांना वाटलं, दुष्काळापुरती सवलत. पाऊस पडला, विहीर तुडुंब झाली, तरी दोर रविवारी रहाटावरच. कोणी विचारलं नाही. काही दिवसांनी बापूंनी सिंधुला घरी आणलं.

आणि प्रवचन बदललं. ते पुन्हा कधी दुष्काळावर बोलले नाहीत. दरवेळी, कुठलाही विषय असो, मध्येच एका जागी ते थांबत. खिडकीकडं कान असल्यासारखे उभे राहत. मग पुढं बोलत. नवी माणसं म्हणत, पाळकबाबा थांबतात तेव्हा आत्मा काम करतो. हन्ना पेटीच्या भात्यावर हात ठेवून खाली बघत राही.

ती नांदेडला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली. देवाच्या न्यायावर लोकांनी काय काय लिहिलंय ते तिनं वाचलं. पंडितांचं वाचलं, ज्यांना देव मान्य नाही त्यांचंही वाचलं. ओसरीवर बापूंशी त्यावर वाद घातले. एवढं सगळं बोलणं झालं, आणि ते एक वाक्य, तुम्ही ऐकलं होतं, बापू, मी पाहिलं, ते तेवढं राहिलं. आधी तिला भीती वाटायची. मग दया. मग ते इतकं जुनं झालं की त्याला हात लावणं असभ्यपणाचं वाटू लागलं.

मातीनंतर हन्ना तिथंच राहिली. पुढच्या रविवारी स्मरणाची उपासना ठेवायची ठरली होती. दिवसभर माणसं भेटायला येत. दुपारी घर रिकामं झालं की तिला रहाटाची कुरकुर ऐकू येई. ती खिडकीशी जाऊन बघे तर विहिरीवर कोणी नसे, दोर सरळ लोंबत असे. उन्हानं लाकूड तडकतं, ती स्वतःला सांगे. मग एकदा तिनं सिंधुकडं पाहिलं, तर सिंधुही भाकरी थापायची थांबून कान देत होती.

बुधवारी पारूबाई आली. आता तिला नीट दिसत नव्हतं. भिंत चाचपत ओसरीवर बसली. "भला माणूस गेला गं लेकी," ती म्हणाली. "माझ्या नातीला पोटच्या पोरीवानी संभाळलं. परक्याचं कोण करतं एवढं?"

हन्नानं तिच्यापुढं चहा ठेवला.

"आता ही उजवली असती तर डोळे मिटायला मोकळी झाले असते मी. देगलूरची सोयरीक आली व्हती. पोरगा ड्रायव्हर हाय. पोरगी पसंद पडली, चहा गुळचट झाला म्हणून हसली बी माणसं. मग कोणीतरी कानाला लागलं. परवा निरोप आला. म्हणत्यात, मायनं विहिरीत जीव दिला, पोरीच्या रक्तात तेच असंल. उद्या आमच्या घरात उडी टाकली तर?"

"सिंधुला कळलं?"

"कळलं की. काय बोलली न्हाई. मला म्हणली, खरंच असंल आज्जी. मला ताप हाय हे बघूनबी माय गेली, म्हंजी तिला मी नकोच व्हते." पारूबाईनं पदरानं डोळे पुसले. "माझी सून तसली नव्हती गं. दहा वर्सं झाली, मी वरडून राहिले. कोण ऐकतंय? वर गेल्यावर तुमचा देव तरी इनसाफ करंल का?"

"करेल," हन्ना म्हणाली.

पाळकाच्या मुलीच्या तोंडून ते सवयीनं निघालं, आणि निघाल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली. म्हातारी चहाचा एकेक घोट घेत होती. समोर बसलेल्या माणसाकडं जे द्यायला आहे ते देवाकडून मागून घे, असं आपण हिला सांगितलं, हे हन्नाला कळत होतं.

शुक्रवारी ज्ञानोबा आले. मंडळीनं ठरवलं होतं, विहिरीच्या कठड्यावर बापूंच्या नावाचा दगड बसवायचा. "सगळ्या जातीला पाणी दिलं त्यांनी, लेकी. गाव कबूल करून राहिलंय. सरपंचबी येतो म्हणला. आन्‌ रविवारी साक्ष तू द्यायची. थोडक्यात दे. चांगलं चांगलं बोल. स्तोत्र कोणतं वाचायचं तेबी तूच ठरव."

"दगड नको, मामा."

"का गं?"

ती विहिरीच्या कठड्याकडं बघू लागली. ज्ञानोबा तिच्याकडं टक लावून पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्या रविवारी बाहेर पडणारे ते पहिले होते, कठड्यावरची घागर आधी त्यांनाच दिसली होती. "कबरीवरची माती अजून बसली न्हाई," ते हळूच म्हणाले. "मेलेल्या माणसाला वकील नसतो. एवढं ध्यानात ठेव."

ते गेल्यावर ती स्तोत्र शोधत बसली. प्रभू पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून शेतं हर्ष करतात, रानातली झाडं गातात, अशा अर्थाचं ते स्तोत्र तिनं लहानपणापासून पाठ म्हटलं होतं. आज ते तिला विचित्र वाटलं. न्यायाधीश येतोय म्हणून झाडं का नाचतील? कचेरीत जमादार आला तर माणसं भिंतीला चिकटतात. बापू आयुष्यभर न्यायाला घाबरले. आधी ते तो दुसऱ्यांच्या अंगावर सोडत, नंतर स्वतःच्या अंगावर येईल म्हणून खिडकीकडं कान लावून राहिले. पण ज्यांनी हे गीत रचलं ते भिणारे नसावेत. ते वाट बघणारे असावेत. ज्यांचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नाही, ज्यांच्याविषयी भलतंच लिहिलं गेलं, ती माणसं. पारूबाई. त्यांना न्याय हवा होता, तहान लागल्यावर पाणी हवं असतं तसा. शिक्षा कोणाला होते याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. आपलं खरं होतं, एवढं कोणीतरी चारचौघांत म्हणावं.

पण बापू? ती पुस्तक मिटून बसली. दहा वर्षं त्यांनी सिंधुसाठी घागरी वाहिल्या. तेही खरं होतं. ते सगळं गावाच्या तोंडून एका दिवसात पुसलं जाईल. आणि ते पुसायला त्यांची स्वतःचीच मुलगी उभी राहील.

शनिवारी दुपारी दोघी बापूंचे कपडे घडी करायला बसल्या. सिंधुनं लांब कोट झटकला, नाकाशी धरला, आणि मग मांडीवर ठेवून म्हणाली, "अक्का, एक विचारू?"

"विचार."

"थंडीच्या दिवसात त्यांना ताप आला व्हता ना, तवा ते खिडकीकडं बघून बोलायचे. 'देतो बाई, देतो. थांब जरा.' मी म्हणायची, कोणी न्हाई बापू तिथं, निजा. तर रडायचे. लहान लेकरावानी." तिनं कोटाच्या बाह्या एकावर एक ठेवल्या. "कोणाला काय द्यायचं राहिलं व्हतं, अक्का? आपण देऊन टाकू. त्यांच्या जिवाला शांती मिळंल."

हन्नाचे हात धोतराच्या काठावर थांबले. बाहेर खरोखरच कोणीतरी पाणी शेंदत होतं, रहाट वाजत होता. सिंधुच्या चेहऱ्यावर काहीही संशय नव्हता. बापूंचं उरलेलं एक काम तेवढं तिला उरकायचं होतं.

"उद्या सांगते," हन्ना म्हणाली. "आजीला घेऊन ये चर्चमध्ये. हात धरून आण."

"आज्जी कशाला येतीय? ती म्हणती, तुमच्या चर्चमध्ये बसून गुडघे धरत्यात."

"मी बोलावलंय म्हणून सांग."

रविवारी चर्च भरलं. गावातले लोकही आले होते, दाराशी सरपंच खुर्चीवर बसला होता. पारूबाई बायकांच्या रांगेत, भिंतीला टेकून, सिंधुचा हात धरून बसली होती. ज्ञानोबांनी प्रार्थना केली, विहिरीच्या दगडाची घोषणा केली, माणसांनी "आमेन" म्हटलं. हन्नानं स्तोत्र वाचलं. तिचा आवाज कापला नाही.

मग ती पुलपिटाजवळ, पेटीशेजारी उभी राहिली. डावीकडं खिडकी उघडी होती. गजांपलीकडे कोरडं आवार, शेवग्याचं झाड आणि ऊन. तिथं कोणी नव्हतं. तरी तिला मान वळवावी लागली.

"माझ्या वडिलांनी सगळ्यांना पाणी दिलं, असं ज्ञानोबामामा म्हणाले," तिनं सुरुवात केली. "ते खरं आहे. एक दिवस दिलं नाही."

दाराशी सरपंचानं मान वर केली.

"त्यांनी मला लहानपणी शिकवलं की देवापुढं झाकलेलं काही राहत नाही. मला वाटायचं, ही धमकी आहे. आता वाटतं, त्यांना स्वतःला त्याचा आधार वाटत असावा. त्यांना सांगायचं होतं. दर रविवारी इथं उभं राहून ते थांबायचे, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यांच्यानं झालं नाही."

ज्ञानोबा उठले. "लेकी, आपण गीत घेऊ," ते म्हणाले आणि पहिली ओळ उचलली. दोघा-तिघांनी साथ दिली. ती ओळ मध्येच विरली, कारण हन्ना खाली बसली नाही. ज्ञानोबा क्षणभर उभेच राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर बसले.

हन्नानं मंडळीकडं पाहणं सोडून दिलं. ती चार पावलं चालून बायकांच्या रांगेशी गेली आणि पारूबाईच्या समोर खाली जमिनीवर बसली. म्हातारीनं समोर कोण आलंय ते चाचपलं, तिच्या गालाला हात लावला. सिंधु गोंधळून दोघींकडं बघत होती.

"माझ्या बापूंवर माझी माया आहे," हन्ना म्हणाली. "ती तशीच राहील. पण त्यांनी जमादाराला खोटं सांगितलं आणि मी शेजारी उभी होते." आता तिचा आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतका मोठा होता. "सिंधु, तुझ्या आईनं जीव दिला नाही. तुला ताप होता म्हणून ती पाण्याला आली होती. ती त्या खिडकीशी उभी राहिली आणि तिनं दोर मागितला. पुन्हा पुन्हा मागितला. बापूंनी ऐकलं होतं. मी पण ऐकलं होतं."